तिसऱ्यांदा पडलेला भाला

या, सरका पुढं. दाराशी टेकलेत त्यांनीही आत यावं. जागा आहे, आणि नसली तर मांडीला मांडी लावून बसू. दिवसभर उभं राहून तुमचे पाय भरून आले असतील, माझेही आलेत. एक गोष्ट सांगतो. तिच्यात राक्षस आहे, भाला आहे, भाल्यावर घातलेला मंत्र आहे आणि त्या मंत्राच्या नियमांत सापडलेली एक फट आहे. देवानं जेवढी बुद्धी दिली तेवढ्यात सांगेन. कुठं चुकलो तर पदरात घ्या.

माझा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. दुकानादुकानांत जायचं, काट्याखाली वाकायचं, धूळ पुसायची, स्प्रिंग बदलायची. संध्याकाळपर्यंत कंबर अशी धरते की देवापुढं वाकलो तर तसाच राहीन अशी भीती वाटते. पण रविवारची दुपार माझी. तीन ते सहा आम्ही चौघं पडदेवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत जमतो. तीन पायऱ्या चढून जायचं. मधोमध कापड बेतायचं लांब टेबल, कोपऱ्यात गुंडाळलेले तागे उभे, आणि कात्री कुठं ठेवली ते कुणालाच माहीत नाही.

तिथं आम्ही एक खेळ खेळतो. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली माणसं होतात. ‘समोर दरी आहे, पलीकडं राक्षस उभा आहे, काय करता?’ असं त्यानं विचारायचं, आपण सांगायचं, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंच्या फाशानं ठरवायचं. गोष्ट सांगणाऱ्याला गेम मास्टर म्हणतात. आमच्याकडं तो मान पडदेवाल्याचा, म्हणून त्याला आम्ही नुसतं मास्तर म्हणतो. गळ्यात कायम टेप, राक्षसाचं वर्णन करतानाही तो टेपच्या टोकाशी चाळा करतो, आणि राक्षसाची उंची इंचात सांगतो.

दुसरी कलमबाई. विमा कंपनीत दावे तपासते. कुणाचा दावा कुठल्या कलमात बसत नाही ते लिहून परत पाठवायचं, हे तिचं काम. आठवडाभर नाही नाही लिहून तिची मान आखडलेली असते.

तिसरा बंब. अग्निशमन दलात सव्वीस वर्षं गाडी चालवली म्हणून बंब. आवाज असा की गाडीचा सायरन बंद पडला असता तरी कुणाचं अडलं नसतं. आणि चौथा मी, काटेवाला. मी खेळात साधू आहे.

नियम मास्तरच्या वहीत. बाजारात छापील पुस्तकं मिळतात, पण आमची वही मास्तरनं स्वतः लिहिलेली, पडद्याच्या उरलेल्या कापडाचं कव्हर घातलेली. मंतरलेल्या शस्त्रांचे मूळ नियम पहिल्या पानावर, सगळे मिळून पाच. एका माणसाला जन्मात एकच मंतरलेलं शस्त्र. फेकलं की ते मालकाच्या हातात परत येतं. मात्र फेकताना मालकानं स्वतःच्या तोंडानं त्या शस्त्राचा शब्द म्हणायचा. नाही म्हटला तर ते तिथंच जमिनीवर पडतं. तीनदा असं पडलं की मंत्र उतरतो. आणि पाचवा: मंत्र घातल्यावर मालकाच्या तोंडून जो पहिला शब्द निघेल तोच त्या शस्त्राचा शब्द, नंतर बदल नाही.

हा पाचवा नियम मास्तरनं केला तो वैतागाच्या भीतीनं. शब्द निवडत बसले तर लोक तिन्हीसांजेपर्यंत उठणार नाहीत, हे तो जाणून होता. पहिला नंबर माझा लागला. माझ्या काठीवर मंत्र बसला, आणि तेवढ्यात डोक्यावरचा दिवा गेला. ‘बल्ब,’ मी म्हणालो. झालं. नऊ वर्षं मी साधूच्या वेशात राक्षसांच्या अंगावर ‘बल्ब!’ असं ओरडून काठी फेकतोय. कलमबाईच्या कट्यारीचा शब्द ‘थांबा’, कारण मंत्र बसल्याबरोबर ती म्हणाली, ‘थांबा, नियम पुन्हा वाचा.’ बंब मात्र आमची फजिती बघून शहाणा झाला. भाल्यावर मंत्र बसल्याबरोबर त्यानं पाव तास तोंड घट्ट मिटून धरलं, लालबुंद झाला, आणि मग छाती फुगवून गरजला, ‘महाप्रलयंकारी!’ समोरच्या इमारतीतून एक बाई खिडकीत आली, काय झालं बघायला.

तर हा झाला पूर्वरंग. आता वहीत ठिगळं कशी लागत गेली तेवढं ऐका, म्हणजे पुढचं कळेल.

एका रविवारी कलमबाई बंबकडं बोट दाखवून म्हणाली, “दादाचा भाला जाताना राक्षसाला लागला तर घाव धरतो. येताना पाठीत लागला तर?”

“येताना कसा लागेल?” मास्तर म्हणाला.

“नाही लागणार असं कुठं लिहिलंय?”

मास्तरनं वही चाळली. कुठंच नव्हतं. त्या दिवशी राक्षस एका फेकीत दोनदा मेला. आमची रीत अशी की फट सापडली तर त्या दिवसापुरती चालते. मग ज्यानं शोधली त्यानंच ती बुजवणारा नियम आपल्या हातानं वहीत लिहायचा, खाली सही करायची. बाईनं लिहिलं, ‘परत येणारं शस्त्र कुणाला लागत नाही, आरपार निघून येतं.’ पुढच्या रविवारी तीच म्हणाली, “आरपार म्हणजे तुरुंगाच्या भिंतीतूनही?” आणि आत कोंडलेला म्हातारा प्रधान भाल्याचं टोक धरून भिंतीतून अलगद बाहेर आला. मास्तर डोक्याला हात लावून बसला. मग आणखी एक ठिगळ: ‘शस्त्राला लोंबकळून कुणी येणार नाही.’ अशी नऊ वर्षांत वही जाड होत गेली.

बंबला या फटी आवडायच्या, पण सवलत मुळीच आवडायची नाही. मास्तर कधी दया येऊन म्हणाला, ‘जाऊ दे, फासा थोडक्यात हुकला, लागला समज,’ तर बंब वहीवर बोट आपटायचा. “वहीत दाखव!” वहीत असेल तर सैतानालाही सोडा, नसेल तर सख्ख्या भावालाही नाही, असा त्याचा हिशेब. त्यानं स्वतः एकच फट शोधली. एका दरोडेखोराची कुऱ्हाड आमच्या हाती आली, तिच्यावरचा मंत्र उतरलेला. बंब म्हणाला, “मंत्र उतरला, पण लोकांना तिचा धाक तर आहे ना?” आणि नुसती कुऱ्हाड दाखवून त्यानं आख्खा पहारा पळवून लावला. मग रीतीप्रमाणे तिरक्या, मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘मंत्र उतरलेलं शस्त्र साधं समजावं. त्याचा जुना गुण, दोष, धाक, शब्द, काहीही शिल्लक राहत नाही.’ खाली सही, पाण्याच्या पाइपासारखी वेटोळी.

गेल्या वर्षी बंबला झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. समजतं सगळं. वाचतो, हसायचं तिथं डोळ्यांनी हसतो, पण तोंडातून शब्द एकच निघतो: पाणी. भूक लागली, पाणी. राग आला, पाणी. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, एखादा शब्द तेवढा वाचतो. सव्वीस वर्षं आगीपुढं जो शब्द ओरडला तोच वाचला असावा, हा आपला माझा अंदाज.

चार महिन्यांनी तो पुन्हा आला. त्याच्या बायकोनं, आमच्या वहिनींनी, कमरेला धरून तीन पायऱ्या चढवल्या. पाच मिनिटं लागली. आम्ही तिघं टेबलाजवळ उभे, धावायचं की नाही कळेना. बसला. डाव्या हातानं फासा उचलला. समोर दगडी राक्षस होता, मास्तरनं मुद्दामच सोपा ठेवलेला. फासा पडला अठरा. उत्तम. आता शब्द.

“म,” बंब म्हणाला. मानेच्या शिरा उभ्या राहिल्या. “म... म... पाणी.”

मग मास्तर हळूच म्हणाला, “चालेल की, बंबराव. आपल्याला कळलं. भाला आला परत.”

बंबनं डावा हात असा फिरवला की फासे, पेन्सिली, खडू, सगळं जमिनीवर. मग वहीवर बोट आपटलं. एकदा, दोनदा, तीनदा. मास्तरनं मान खाली घातली. “भाला पडला,” तो म्हणाला. “एक.”

पुढच्या रविवारी आम्ही म्हटलं, दादा, आज भाला राहू दे, तू दोर धर, आम्ही दरी उतरतो. दोर धरून बसायला तो आला नव्हता. त्यानं भालाच फेकला. पुन्हा ‘म’, पुन्हा पाणी. “दोन,” मास्तर म्हणाला, आणि टेप गळ्यातून काढून ठेवली, जणू तीच जड झाली होती.

जाताना वहिनी पायरीवर मला म्हणाल्या, “काटेवाले, तिसऱ्यांदा पडला की यायचं नाही म्हणतायत. म्हणतायत म्हणजे काय, आज फाशांची पिशवी तुमच्या ताग्यांमागं टाकून आलेत.”

“मी आणून देतो.”

“पिशवीचं नाही हो. रविवारी इकडं तीन पायऱ्या चढायच्या म्हणून बाकीचे सहा दिवस ते भिंत धरून पाय उचलतात. पन्नास वेळा. मी मोजते. हे बंद झालं तर भिंतीकडं तोंड करून पडतील, मला माहीत आहे.” त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. “मीही दमले आता. खोटं कशाला बोलू.”

मंगळवारी कलमबाईच्या कार्यालयात काम निघालं. टपाल विभागाचा पार्सलाचा काटा अडकला होता. तो खोलून ठेवला आणि तिच्या टेबलाशी गेलो. दोन्हीकडं फायलींचे गठ्ठे, मध्ये बाई, आणि फायलीखाली लपवलेली पडद्याच्या कव्हरची वही.

“कामाच्या वेळात राक्षस मारताय?” मी म्हणालो.

“जेवणाच्या सुट्टीत. जेवण राहिलं.” तिनं डोळे चोळले. “दिवसाला चाळीस माणसांना मी सांगते, तुमचं कुठंच बसत नाही. एकाचं बसवायला भाला पहिल्यांदा पडला त्या आठवड्यापासून वाचतेय, पाच सुट्ट्या गेल्या. नवीन भाला देता येत नाही, जन्मात एकच. शब्द बदलता येत नाही. खुणेनं म्हणावा तर ‘स्वतःच्या तोंडानं’ लिहिलंय. दुसऱ्यानं म्हणावा तर तेही नाही. ही वही कुणी लिहिली? आमच्या साहेबांपेक्षा वाईट माणूस आहे मास्तर.”

“मग भाला फेकूच द्यायचा नाही त्याला. राक्षसच येऊ नये अशी गोष्ट सांगायला लावू मास्तरला.”

“आणि दादाला कळणार नाही?” ती वहीकडं बघत राहिली. मग एका पानावर तिचं बोट थांबलं. ते पुढं सरकलं, मागं आलं, पहिल्या पानावर गेलं, परत आलं. “काटेवाले,” ती म्हणाली, “भाला पडू द्या.”

“काय?”

“तिसऱ्यांदा पडू द्या. पडायलाच हवा.” तेवढ्यात फोन वाजला, आणि ती कुणाला तरी मऊ आवाजात कलम समजावू लागली. मी काट्याकडं परतलो.

रविवार आला. पायऱ्या चढल्या. वहिनी नेहमीसारख्या दाराजवळच्या स्टुलावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. दगडी राक्षस उभाच होता. बंबनं फासा टाकला, पंधरा. ओठ मिटले, उघडले. “म...” आम्ही खाली बघत होतो. “पाणी.”

“तीन,” मास्तर म्हणाला. “मंत्र उतरला.”

बंबनं वही मिटली, अगदी हळू, आणि चालायच्या काठीकडं हात नेला.

“बसा, दादा,” कलमबाई म्हणाली. “अर्ज आहे.” तिनं चष्मा लावला आणि कार्यालयातला आवाज काढला. “पान एकतीस. मंत्र उतरलेलं शस्त्र साधं समजावं. म्हणजे या क्षणी दादांच्या हातात साधा भाला आहे. साध्या शस्त्राला मंत्र घालता येतो, त्यात कुणाचं दुमत नाही.”

“त्याचा एक भाला होऊन गेलाय,” मास्तर म्हणाला. “जन्मात एकच.”

“एकच आहे. दुसरा कुठं दिसतोय तुला? तोच भाला आहे.”

“तोच आहे तर शब्दही तोच. महा... तो.”

“पान एकतीस, पुढची ओळ. जुना गुण, दोष, धाक, शब्द, काहीही शिल्लक राहत नाही. शब्द उरलेला नाही. मोजायचा तर तोच भाला, पण मंत्र नवा. नव्या मंत्राला पाचवा नियम लागतो: मालकाच्या तोंडून निघेल तो पहिला शब्द.” तिनं चष्म्यावरून बघितलं. “आणि हे मी म्हणत नाही. खाली सही कुणाची आहे ते बघ.”

मास्तरनं बघितली. मी बघितली. पाइपासारखी वेटोळी सही.

बंबनं वही ओढून घेतली. डाव्या हाताचं बोट पहिल्या पानाच्या पाचही नियमांवरून गेलं, मग एकतीसवर, मग मधली सगळी ठिगळं, एकेक. किती वेळ गेला देव जाणे. कुठं दयेचा वास येतोय का, ते हुंगत होता तो. शेवटी मान वर करून कलमबाईकडं रोखून बघितलं.

“दया करायची असती तर पहिल्याच रविवारी केली असती,” ती म्हणाली. “माझी पाच जेवणं तरी वाचली असती.”

बंबच्या नाकातून फुर्र आवाज आला. त्यानं फासा उचलला.

“बंबराव,” मास्तर म्हणाला, “मंत्र बसायला बारा किंवा वर. बाराच्या खाली पडला तर भाला तुटेल, आणि मी काही करू शकणार नाही.”

फासा घरंगळला आणि कात्रीला टेकून तिरका राहिला. कात्री तिथं होती तर. वरच्या बाजूला सतरा दिसत होता. “सतरा!” मी ओरडलो. मास्तरही “सतरा” म्हणाला, फार घाईनं. बंबनं मान हलवली. तिरका फासा धरत नाहीत, पान चौदा. त्यानं तो स्वतःच उचलला. मी आयुष्यभर लोकांचे काटे खरे करत आलो, पण त्या क्षणी त्याचा तो हात धरावासा वाटला.

दुसऱ्यांदा पडला तेरा. सपाट.

“बसला मंत्र,” मास्तर म्हणाला. आता त्याच्या तोंडून जे निघेल ते. बंबनं तोंड घट्ट मिटून धरलं, नऊ वर्षांपूर्वीसारखं. चेहरा लाल होत गेला. आणि मला दिसलं, त्याला जुनाच शब्द हवा होता. ओठ ‘म’साठी जुळत होते. समजा, आज एकदाच, कसाबसा, महाप्रलय की काय ते निघालं, आणि परत कधी निघालं नाही तर? पुन्हा तीनदा पडणं, आणि फट तर आजच्यापुरतीच, म्हणजे मग काहीच नाही. कलमबाईनं टेबलाची कड धरली होती. सुचवायचं नाही, ते तर वहीतच आहे. देवा, मी मनात म्हटलं, याला मोठं काही देऊ नकोस, रोजचंच दे.

“अहो,” दारातून वहिनींचा आवाज आला. खेळात नसलेल्या माणसानं बोलू नये असं वहीत नाही. “म्हणा की तुम्हाला जे म्हणता येतं ते. किती वेळ! माझे पाय गेलेत, आणि जाताना औषधं घ्यायचीत.”

बंब त्यांच्याकडं वळला. झटक्यानंतर पहिल्यांदा त्याचं तोंड हसलं, अर्धंच, डावीकडचं.

“पाणी!” तो गरजला. तागे हलले. समोरच्या इमारतीतली बाई पुन्हा खिडकीत आली की नाही ते बघायला मी उठलो नाही, पण आली असणार.

मग त्यानं भाला फेकला. “पाणी!” भाला राक्षसाला लागून परत. पुन्हा फेकला. “पाणी!” पुन्हा परत. राक्षस दुसऱ्या फेकीतच मेला होता, तरी तिसऱ्यांदाही फेकला. मास्तरनं अडवलं नाही. मेलेल्या राक्षसावर भाला फेकू नये असंही वहीत नाही.

“ठिगळ पुढच्या रविवारी लिहिते,” कलमबाई म्हणाली. “आज हात उचलत नाही.”

बंबनं वही तिच्याकडं सरकवली आणि बोट आपटलं. आज. तिनं उसासा टाकून पेन घेतलं. ‘मंत्र उतरलेल्या शस्त्राला पुन्हा मंत्र घालता येणार नाही.’

“अहो बाई, जरा थांबा!” मी म्हणालो. “माझी काठी तीनदा पाडतो आधी. नऊ वर्षं बल्ब बल्ब करतोय मी!”

“उशीर झाला, काटेवाले,” ती म्हणाली आणि सही केली. मग तिनं कपाळ वहीवर टेकलं, म्हणाली, “एक मिनिट हं,” आणि तशीच झोपली. पेन हातात, चष्मा नाकावर.

मास्तर मला काही सांगायला गेला, तसा बंब त्याच्याकडं झुकून अगदी हलक्या आवाजात म्हणाला, “पाणी.” गप्प बसा, असा त्याचा अर्थ होता, आम्हाला कळला. शेजारच्या ताग्यातून लोंबणारं कापडाचं टोक त्यानं डाव्या हातानं ओढलं आणि बाईच्या खांद्यांवर टाकलं. एका हातानं ते नीट बसेना. वहिनी औषधांचं विसरून उठल्या आणि त्यांनी दुसरं टोक धरलं.

एवढीच गोष्ट. बंबला तुम्ही आठवालच, माणूसच तसा आहे. अजून दर रविवारी तीन पायऱ्या चढून येतो, आता दोन मिनिटांत. माझं मागणं दुसरं आहे. कधी तुमच्या घरी एक लांबट लिफाफा येईल. आत लिहिलेलं असेल की अमुक कलमात तुमचा दावा बसत नाही, आणि खाली एक बारीक सही असेल. शिव्या द्यायच्या तर द्या, हक्क आहे तुमचा. पण संध्याकाळी हात जोडाल तेव्हा त्या सहीवालीला एकदा आठवा. तिची मान फार दुखते हो.